गाडीच्या तोंडाला वाळ्याची ताटी

आमच्या गाडीला नऊ-दहा वर्षं एक साधा काटा होता. इंजिन गार असलं की तो खाली असायचा, तापलं की मधोमध येऊन बसायचा. तो तिथे बसला की आम्हीही आपापल्या जागी निवांत बसायचो. त्या काट्यानं आमच्या संसारात कधी भांडण लावलं नाही.

मग नवऱ्यानं ऑनलाइन ते यंत्र मागवलं. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतो, गॅरेजवाले आपला कॉम्प्युटर तिथेच जोडतात. त्यात वायर खोचायची आणि काडेपेटीहून थोडा मोठा पडदा डॅशबोर्डवर चिकटवायचा. मग इंजिन किती तापलं, बॅटरी किती व्होल्टवर आहे, हे सगळं आकड्यांत दिसतं. आम्ही त्याला मीटर म्हणू लागलो. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच, फक्त हे घरपोच आलं.

गाडी चालवताना रस्त्यावरून नजर काढायची नाही हा नवऱ्याचा नियम. नियम चांगला आहे, पण त्यामुळे मीटर वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"किती?"

"ब्याण्णव."

"आता?"

"अहो, आता तर सांगितलं. ब्याण्णवच."

पंच्याण्णव झाले की एसी बंद. एसीचा भार इंजिनावर पडतो म्हणे. अमरावतीचा मे महिना, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि गाडीला बरं वाटावं म्हणून आम्ही दोघं आत शिजत बसलेलो. धोक्याची शिट्टी कितीला वाजावी हे त्या यंत्रात आपणच ठरवायचं असतं. त्यानं अठ्ठ्याण्णव ठरवलं. कारण काय, तर अठ्ठ्याण्णवच्या वर गेला की ताप. मी म्हटलं, अहो, तो माणसाचा ताप, तोही फॅरेनहाइटमधला. तर म्हणाला, "आकडा तो आकडाच असते." सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसापुढे मी हात टेकले.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मधे आईचा प्रश्न आला.

आई अकोल्यात एकटी राहते. यंदा उन्हाळा लागला आणि ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. शेजारणीनं हाका मारमारून शेवटी कडी तोडायला लावली, तेव्हा ती सापडली. डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका. मी तिची एकुलती एक लेक. पण लेकीच्या घरी कायमचं राहायला जायचं म्हणजे आईच्या पिढीला मान खाली घालण्यासारखं वाटतं. बाबा गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या पडण्यानंतर मात्र एका संध्याकाळी तिचा आपणहून फोन आला.

"रविवारी ये मले घ्याले. पण सकायीच येजो, ऊन चढाच्या आंधी. गल्ली जमा होयाच्या आंधी मले निंघाचं आहे."

मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. मग मागची खोली रिकामी करायला घेतली. तिचा पलंग दाराजवळ लावला, रात्री उठली तर तिला अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून.

शनिवारी मी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. जुन्यातली एक अजून बरी होती. नवऱ्यानं ती उचलली, गाडीच्या समोरच्या जाळीवर सुतळीनं करकचून बांधली आणि तिच्यावर पाइपानं पाणी मारलं. घराला गारवा मिळतो, मग गाडीला का नाही? वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओल्या वाळ्यातून वारा आला की तो गार होतो, हे आम्ही चालायला लागायच्या आधी शिकलेलो असतो. समोरचे शेजारी येऊन पाहून गेले. "जबरदस्त डोकं लावलं भाऊ," म्हणाले. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. आमची सगळ्यांची अक्कल उन्हाळ्यात वाळ्याभोवतीच फिरते.

रविवारी उजाडताच निघालो. दोन तासांचा रस्ता, आठच्या आत पोचलो असतो. बडनेरा मागे पडलं आणि मीटर चौऱ्याण्णववर गेलं. मग शहाण्णव. मग शिट्टी. ती शिट्टी काय सांगावी, दूध उतू गेल्यावर एखादं पोर किंचाळावं तशी. गाडी बाजूला. बॉनेट वर. इंजिन निवेपर्यंत आम्ही बाभळीखाली.

"ताटी सुकली व," नवरा म्हणाला. "पाणी मारा लागन."

मारलं. निघालो. दहा-बारा किलोमीटर गेलो नाही तर पुन्हा शिट्टी. पुन्हा बाभूळ, पुन्हा पाणी. आईसाठी घेतलेल्या दोन्ही कॅन ताटीला पाजून झाल्या. एक दुधवाला थांबला, म्हणाला, अजून पाणी मारा. एक ट्रॅक्टरवाला थांबला, तोही म्हणाला, अजून पाणी मारा. त्या रस्त्यावर त्या दिवशी दुसरं मत असलेला एकही माणूस निघाला नाही.

आईचा फोन आला. "कुठी आहा व?"

"मूर्तिजापूर येईलच आता."

"अजून मूर्तिजापूर?" एवढंच म्हणाली.

मूर्तिजापुरात गॅरेजचं शटर खाली होतं. रविवार. पानठेलेवाला म्हणाला, येतीन, दहा वाजता येतीन. मी म्हटलं, चला, इथून मी एसटीनं पुढे जाते, तिला रिक्षानं स्टँडवर आणते, तुमी मागून या. तर नवरा म्हणाला, "पंधरा मिनिटांसाठी कायले जीव वर-खाली करतं? तुह्या आईले बसमधी कोंबून आणाचं हाय का?" ते बोलणं मला लागलं, म्हणून मी थांबले. दहा वाजले, कोणी आलं नाही. आईचा दुसरा फोन आला, मी म्हटलं, निघालोच. तिसरा फोन तिनं केला नाही.

शेवटी तसेच निघालो, चाळीसच्या वेगानं. ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या घालत पुढे जात होते. शिट्टी, थांबा, पाणी, शिट्टी. बोरगाव मंजूच्या अलीकडे भिजून भिजून फुगलेल्या ताटीची सुतळी तुटली आणि ती रस्त्यावर पडली. नवऱ्याला कळलंही नाही, मला ती बाजूच्या आरशात मागे पडलेली दिसली. मी मीटर बघत होते, दुसरं करायला ठेवलंच होतं काय? सत्त्याण्णव. पंच्याण्णव. ब्याण्णव. एकोणनव्वद.

मी म्हटलं, "एकोणनव्वद."

"पाहा!" तो म्हणाला. "पाणी लागलं शेवटी त्याले."

"ताटी पडली."

त्यानं कचकन ब्रेक दाबला. मला वाटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो खाली उतरला, भर उन्हात मागे चालत गेला, ताटी उचलून आणली आणि पुन्हा बांधायला बसला.

तेव्हा माझा तोल गेला. नॅशनल हायवेच्या कडेला पदर कमरेला खोचून मी ओरडले. "अहो, वारा अडवला तुमी तिचा! सकाळपासून नाक दाबून धरलं आहे गाडीचं! कूलरले मागून पंखा असते, तो वारा ओढून घेते. इथं हा भिजला गोळा वारा जाऊ देऊन राहिला का आत? पडली तवा उतरला आकडा!"

तो म्हणाला, योगायोग असू शकते. बांधून एकदा पाहू. मी ताटी हिसकली आणि शेतात फेकून दिली. पुढे अकोला येईपर्यंत मीटर एकोणनव्वदवर राहिलं. त्यानं एकदाही किती म्हणून विचारलं नाही.

पोचलो तेव्हा दुपारची जेवणं होऊन गेली होती. आईच्या दाराशी कूलर घरघरत होता, टाकी काठोकाठ भरलेली. तिची पिशवी रिकामी होऊन खुंटीला टांगलेली होती. मला तिथेच कळलं.

"या जवाईबापू, घामेजले," ती नवऱ्याला म्हणाली. "हातपाय धुवा, रस केला आहे."

"आई, ऊन उतरलं की निघू," मी म्हटलं.

"नाई व माय."

"का पण? तू तर तयार होतीस."

"होती ना. सकायी चहाचं भांडं बी इसळून ठेवलं होतं." ती माझ्याकडे न बघता ताट वाढत होती. "मंग एकएक करून साऱ्या आल्या. चालल्या का? कायमच्या चालल्या का? लेकीकडं? जवाई काही म्हणत नाई का? साऱ्याईले सांगता सांगता दहा वाजले, अकरा वाजले. तुमी काही आले नाई. मले वाटलं, मी कायले चालली? एका डावाचा जोर आणला होता. तो सरला."

मी समजावलं, रागावले, हात धरला. नवरा ताटावर मान खाली घालून बसला होता. मला त्याची जराही कीव आली नाही. संध्याकाळी आम्ही दोघंच परतलो.

त्या आठवड्यात त्यानं मीटर काढून कपाटात टाकलं. आता तो रोज सकाळी आईला फोन करतो. चक्कर आली का, पाणी पिलं का, बीपी किती, काल किती होतं? आई वैतागते. परवा मला म्हणाली, "जवाईबापूले सांगजो, मी का गाडी हाओ का?" आणि हसली.

मला हसता आलं नाही. बाबा गेल्यापासूनच्या एवढ्या सकाळींमधल्या एकाच सकाळी ती निघायला तयार होती, आणि त्या सकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून वाळ्याला पाणी पाजत होतो. आमच्या मागच्या खोलीत तिचा पलंग दाराजवळ तसाच आहे. न्हाणीघराची कडी मात्र मी अकोल्याला जाऊन काढून टाकली. ती आतून कडी न लावता आंघोळ करते, एकटी.