कूस बदलताना

मुंबईच्या इस्पितळातली नोकरी सोडून मी रत्नागिरीला परत आले, तेव्हा बाबांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. ते स्टँडवर स्कूटर घेऊन उभे होते. माझी बॅग पायांपाशी ठेवत म्हणाले, "सरंगा मिळालाय ताजा. कालवण मीच करतो हल्ली. चालेल ना गो तुला?"

आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाले आणि स्वयंपाक शिकले. कालवणात कोकम जरा जास्तच पडायचं. मी मुकाट्याने जेवले आणि जी झोपले ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठले.

मी नर्स. तरुणपण सगळं अतिदक्षता विभागात गेलं आणि ते काम मला मनापासून आवडायचं. मग कोरोना आला. त्याबद्दल इतकं बोलून झालंय की मी वेगळं काय सांगणार? तो ओसरल्यावर आम्ही सगळ्याजणी पुन्हा नेहमीसारख्या कामाला लागलो. आणि एका सकाळी युनिफॉर्मची बटणं लावायला गेले तर बोटं चालेनात. मैत्रिणीने लावून दिली. आठवडाभर रोज तीच लावत होती. शेवटी मीच राजीनामा देऊन टाकला.

आणखी एक गोष्ट थांबली होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. मी लहानपणापासून प्रार्थना करणारी. वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी गेले की मनातल्या मनात एक वाक्य म्हणायची. कोरोनात ती वाक्यं संपली. देवावर रागावले होते असंही नाही. रागवायला तरी बोलावं लागतं.

रत्नागिरीत माणसं काळजीपोटी मार्ग सुचवत होती. नर्सिंगच्या मुलींना शिकव. इथल्या दवाखान्यात लाग. अजून वय गेलेलं नाही, लग्नाचं बघ. मी हसून वेळ मारून न्यायची. मनात मात्र एवढं पक्कं होतं, की आता कुणाच्या उशाशी उभं राहायचं नाही. दर रविवारी बाबांबरोबर चर्चला जायचे, गाणी म्हणायचे, प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून बसायचे. मिटलेल्या डोळ्यांआड काहीच नसायचं.

आमची चर्चची मंडळी लहान, मोजक्या घरांची. त्यातलीही काही घरं जिल्ह्यात पांगलेली. एक मास्तर दापोलीला, एक कुटुंब पोफळीच्या कॉलनीत, एक म्हातारं जोडपं गुहागरला. त्यांना दर रविवारी उपासनेला येणं जमत नाही, म्हणून नाताळच्या आधी आम्हीच पेटी-तबला घेऊन त्यांच्या घरी गायला जातो. मंडळीची गाडी बाबा चालवतात. त्या वर्षी गाणाऱ्या बायकांपैकी दोघी तापाने पडल्या आणि पाळकबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, आमच्या घरी आल्या.

"तू येशील ना? आवाज कमी पडतोय."

"बाई, माझा आवाज राहिला नाही आता."

"मग नुसती बस. गाडीत जागा रिकामी गेली की तुझे बाबा रस्ताभर कुरकुरतात," त्या म्हणाल्या.

बाबा आतून ओरडले, "मी कधी कुरकुरलो?"

नाही म्हणणं अवघड झालं.

जयगडला गाडी फेरीबोटीवर चढवली आणि खाडी ओलांडून तवसाळला उतरलो. गुहागरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सुपारीच्या बागेमागे त्या म्हाताऱ्या जोडप्याचं कौलारू घर. काका पोफळीच्या भूमिगत वीजगृहात नोकरीला होते. जमिनीच्या पोटात उभा जन्म काढला, आता समुद्र बघू दे, असं काकूंनी म्हटलं म्हणून निवृत्तीनंतर इथे आले. मुलगा आखातात. आदल्या पावसाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. काका एकटेच सगळं करत होते, हे आम्हाला ऐकून माहीत होतं.

त्यांनी दारात कागदाचा तारा लावला होता. काकूंना स्वच्छ साडी नेसवली होती, केस विंचरले होते, डोक्याला घडी घातलेला रुमाल कपाळापर्यंत बांधला होता. आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. पाळकसाहेबांनी पेटी धरली आणि गाणं सुरू झालं. काकूंचे डोळे प्रत्येकाच्या तोंडाकडे फिरत होते.

दुसऱ्या कडव्याला मला वास आला.

उदबत्ती होती, पावडर होती, त्या सगळ्याखालून तो वास येत होता. ज्याने अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळली आहेत त्याला तो ओळखावा लागत नाही. बाकी कुणाला कळलं नव्हतं. मी गायची थांबले. दाराकडे बघितलं, तिकडे जावंसं वाटलं, हे खरं आहे. पण पाय खाटेच्या बाजूलाच वळले. काकांपाशी जाऊन हळूच विचारलं, "काका, काकूंच्या पाठीला काही झालंय का?"

"कंबरेखाली लाल झालंय थोडं. पावडर लावतो मी रोज."

"कुशीवर वळवता का त्यांना?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. "हलवलं की कण्हते गो ती. मला नाही ऐकवत. म्हणून सरळच ठेवतो."

सगळ्या प्रेमाने त्यांनी तिला निश्चल ठेवलं होतं, आणि त्याच निश्चलपणाने तिची पाठ कुजत चालली होती. इतकी वर्षं काम करून मी बऱ्याच जखमा पाहिल्या होत्या. पण माया कमी पडली म्हणून नव्हे, तर मायेमुळेच झालेली जखम इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते.

मी पाळकबाईंना कानात सांगितलं. त्यांनी चेहऱ्यावर काही न दाखवता सगळ्यांना अंगणात नेलं आणि म्हणाल्या, "इथून म्हणू या, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल." बाबांनी गाडीतली प्रथमोपचाराची पेटी आणून दिली. गाणं ऐकून शेजारची बाई कुंपणापाशी आली होती. तिचा नवरा जहाजावर असतो. तिला पाणी उकळून आणायला सांगितलं, तर ती पातेलं घेऊनच आली आणि न सांगताच ओढणी खोचून मदतीला उभी राहिली.

"चाची, मी धरते हां तुम्हाला, पडू देणार नाय," ती काकूंना म्हणाली.

आम्ही दोघींनी काकूंना डाव्या कुशीवर वळवलं. जखम काकांना वाटत होती त्याहून मोठी होती. मिठाचं पाणी गार करून ती धुतली, पावडरीचे थर काढले, स्वच्छ गॉज ठेवून पट्टी लावली. काकू कण्हत होत्या. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना बोलावलं.

"काका, इकडे या. बघा. या कण्हण्याला भ्यायचं नाही. न हलवण्याला भ्यायचं."

हात कुठे ठेवायचे ते मी त्यांना दाखवलं. एक हात खांद्यामागे, एक कंबरेखाली, गुडघा दुमडून, हलकेच आपल्याकडे ओढायचं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. पाठीमागे उशी लावली. मी उठायला गेले, तेव्हा काकूंनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. बाहेर अंगणात गाणं चालूच होतं. ते संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की मघापासून मी मनात काहीतरी पुटपुटत होते. जुनंच वाक्य, वॉर्डातलं. कधी सुरू झालं ते कळलंही नव्हतं.

परतीच्या वाटेवर गुहागरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. तरुण मुलगी होती. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन बघते म्हणाली, आणि खरंच गेली.

नाताळच्या सकाळी चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, राजा जन्मला म्हणजे राजवाड्यातच असणार, असं समजून ते आधी राजवाड्यात गेले. कुणीही तिथेच गेलं असतं. तारा मात्र एका साध्या घरावर जाऊन थांबला. घर कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, दाराशी पोचल्यावर कळलं.

मी इतके महिने देवाकडून काहीतरी ऐकू येईल म्हणून बसले होते की काय, कोण जाणे. ऐकू काहीच आलं नाही, त्या सकाळीही नाही. फक्त ते कौलारू घर डोळ्यांपुढे आलं, आणि काकूंची पाठ, आणि पट्टी बदलायची वेळ झाली आहे हा विचार. प्रार्थनेला डोळे मिटले तेव्हा एकच शब्द निघाला. "जाते."

घरी येऊन बाबांना सांगितलं, "बाबा, मला गुहागरला परत जायचंय."

ते करंज्यांचा डबा उघडत होते. "माहीत आहे," ते म्हणाले. "काल पेटीत नव्या पट्ट्या आणून ठेवल्यात. सकाळी पहिल्या बोटीने निघू."

सुरुवातीला मी आठवड्यातून दोनदा जात असे आणि शेजारच्या बाईकडे राहत असे. तिने मग तिच्या माहेरच्या गावातले एक चाचा दाखवले. ते खाटेवरून उठू शकत नव्हते आणि मुलगे बाहेरगावी. त्यांच्याकडे जाताना वरच्या वाडीतल्या एका शेतकरीण आजींचं कळलं. त्यांची सून एकटीने सगळं ओढत होती. आमच्या जिल्ह्यात अशी घरं किती आहेत, हे मला इथे जन्म घेऊनही माहीत नव्हतं. मोठ्या इस्पितळातून "आता घरी न्या" म्हणून पाठवलेली माणसं, आणि घरी त्यांचं काय करायचं हे कुणी न शिकवलेले नातेवाईक. पहिले काही महिने कठीण गेले. काही घरांत सिस्टर म्हणजे सुई टोचणारी बाई अशीच समजूत, नुसतं कुशीवर कसं वळवायचं ते शिकवते म्हटल्यावर लोक हिरमुसत. पण डॉक्टर मुलीने साथ दिली, मंडळीने हवेच्या गाद्या आणून दिल्या, आणि बाबांनी स्कूटर सोडून जुनी गाडी घेतली. आता माझ्याबरोबर चार बायका काम करतात. त्यांतली एक ती शेजारीण आहे.

काकूंची जखम आंब्याच्या दिवसांत भरून आली. त्यानंतरही त्या दोन वर्षं होत्या. खिडकीशी टेकून बसायच्या, दुपारी वारा फिरला की हाताने दाखवायच्या. वाचा परत आली नाही. एका श्रावणात, काका चहा पाजत असताना, त्या गेल्या. आम्ही त्यांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा पाठ नितळ होती. मी आणि शेजारीण, दोघीही ती बघून रडलो. दुःख होतं, पण त्याहून जास्त काहीतरी होतं. मी देवाचे आभार मानले. त्या घरापर्यंत आणल्याबद्दल, आणि माझ्या मनासारखं न झाल्याबद्दल.

काका एकटे राहिल्यावर मुलाने आखातात बोलावलं. ते गेले नाहीत. आता कुणा नवऱ्याची बायको अंथरुणाला खिळली असेल तर ते माझ्याबरोबर येतात. परवा वेळंब गावाच्या बाजूला असेच एक गृहस्थ दारातच उभे होते, आत यायला तयार नव्हते. काकांनी चपला काढल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मीही भिंतीकडे तोंड करून उभा होतो. चला, दोघं मिळून धरू या."