द्राक्षांचा वास

सून द्राक्षं धुवायला लागली, की त्या वासाने मी वैतागतो. जखम सडवणाऱ्या एका जंतूलाही हाच वास येतो. माझ्या जंतुवेडाचं कौतुक करणाऱ्यांना हा प्रसंग ठाऊक नाही.

नगरच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी एका रुग्णाच्या पायाच्या जखमेतून घेऊन तो जंतू वाढवलेली काचेची बशी उघडली आणि हिरवी, चकाकती वाढ पाहून हरखलो. "वा, सुरेख आलंय."

दारात त्या रुग्णाची बायको उभी होती, बेलापूरची. "द्राक्षावानी वास येतोय की. चांगलं हाय ना, डॉक्टर?"

जंतूच्याच नादात मी म्हणालो, "एकदम छान."

ती वॉर्डाकडे पळाली. चूक लक्षात येऊन मी मागोमाग गेलो, तर ती नवऱ्याला सांगत होती, "पाय कापायचा न्हाई आता. मोठ्या डॉक्टरांनी सोत्ता सांगितलंय."

त्याने मला पाहून हात जोडले. मीही जोडले, आणि खरं सांगायचं काम सर्जनवर टाकून परत फिरलो.