सायकलवाल्या पोरीचा बोर्ड

माणसाला ‘ज्येष्ठ’ म्हणायला लागले की समजावं, आता त्याला काम मिळणार नाही. गुलाबराव तायड्यांना हे कळायला फार वेळ लागला नाही. खामगावात उभी हयात लोकांनी त्यांना ‘पेंटर’ म्हणून हाक मारली. ओ पेंटर, शटर रंगवायचं आहे. ओ पेंटर, ट्रकच्या मागं काय लिवता? तेव्हा कोणी नमस्कार घातला नाही, पण हाताला काम होतं. आता रस्त्यात भेटणारा जो तो ‘ज्येष्ठ कलाकार’ म्हणतो, बळंच चहा पाजतो आणि स्वतःच्या दुकानाचा बोर्ड फ्लेक्सवाल्याकडे टाकतो. सकाळी सांगितला की दुपारी गुंडाळी बगलेत मारून घरी. त्यात रंग वाळायची वाट पाहावी लागत नाही आणि पेंटरच्या शिव्याही खाव्या लागत नाहीत.

काम सुटलं तरी हात सुटेना, म्हणून गुलाबराव ओसरीत बसून हार्डबोर्डाच्या तुकड्यांवर चित्रं काढू लागले. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घेऊन आलेल्या गाड्या, जलंबची आगगाडी, सुपात डाळ निवडणारी बायको, भिमाबाई. गिऱ्हाईक नसताना चित्र काढायचं म्हणजे सुरुवातीला त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. मग चटक लागली. चटक लागली आणि नेमका तेव्हाच हात थरथरायला लागला. ही गोष्ट त्यांनी बायकोपासून लपवली. भिमाबाईने बशीत सांडलेला चहा रोज मुकाट्याने पुसला आणि आपल्याला काही ठाऊक नाही असं दाखवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हे सोंग दोघांनाही चांगलं जमत होतं.

अशात एक दिवस नाजिश आली. गुलाबरावांना ब्रश धरायला शिकवला तो शकूर उस्तादांनी, आणि नाजिश त्या शकूर उस्तादांची नात. चित्रकला शिकून आलेली, आता एका कॉलेजात शिकवते. बाजाराजवळच्या बंद पडलेल्या जिनाच्या गोदामात ती हाताने रंगवलेल्या जुन्या बोर्डांचं प्रदर्शन भरवत होती.

गुलाबरावांनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, आधी सगळे हार्डबोर्ड भिंतीला टेकवून मांडले.

“हे पाय माय. हे सगळे आताचे हायेत. मी अजून काम करून राह्यलो.”

नाजिशने एकेक चित्र नीट पाहिलं. फोन मात्र तिच्या पर्समध्येच राहिला.

“छान आहेत, काका,” ती म्हणाली. “पण आपला विषय जुने बोर्ड आहे ना. हे पुढच्या वेळी नक्की बघू.”

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला पुढच्या वेळचा वायदा करायला काही जात नाही. गुलाबरावांनी मान हलवली आणि चित्रं पुन्हा उलटी करून ठेवली. मग तिने फोन काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

नांदुऱ्याच्या दयाराम सायकल स्टोअर्सचा बोर्ड. लाल पिवळी ठसठशीत अक्षरं, आणि डाव्या अंगाला सायकलवर बसलेली दोन वेण्यांची पोरगी, एक पाय पायडलवर, मान जराशी मागे वळवून हसणारी. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘गुलाब आर्ट, खामगाव’. फोटोत गंज आणि डाग होतेच, पण गुलाबरावांना तेव्हा फक्त पोरगी दिसली. या पोरीने त्या काळी नांदुरा गाजवला होता. स्टेशनवर उतरणारा माणूस पत्ता विचारायचा तर लोक म्हणायचे, सायकलवाल्या पोरीच्या पलीकडे जा. दयाराम गेला, मुलाने तिथे मोबाईलचं दुकान टाकलं आणि पोरगी गेली मागच्या अंगणात, बकऱ्यांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून.

“हा बोर्ड आपल्या प्रदर्शनात मधोमध लागणार, काका. दयारामकाकांच्या मुलाने दिलाय. गोदाम उघडेपर्यंत तुमच्याकडे ठेवू का? माझ्या घरी जिन्यातून वर जात नाही तो.”

गुलाबरावांनी लगेच हो म्हटलं. हार्डबोर्ड नाही तर नाही; आपलं एक काम लोक उभं राहून पाहतील, आणि आपण जिवंत असताना पाहतील.

दोन दिवसांनी टेम्पोतून पत्रा आला, तेव्हा त्यांना भडभडून आलं. चारी कडा गंजलेल्या, वर छपरावर चढणाऱ्या बकऱ्यांच्या मुताचे आणि चिमण्यांच्या विष्ठेचे डाग. पोरीचा एक गाल पोपडा होऊन गळालेला, ‘स्टोअर्स’मधला स्ट कसाबसा तग धरून. हे लोकांसमोर मांडायचं? पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि खाली आपलं नाव?

शकूर उस्ताद म्हणायचे, बोर्ड म्हणजे दुकानाचं तोंड, ते धुतल्याशिवाय चारचौघांत आणू नये. आणि उस्तादांचं कशाला, गुलाबरावांच्या वस्तीत दरवर्षी जयंतीच्या आधी विहाराचा कठडा, कमान, दाराची चौकट, सगळ्याला नवा हात मारायची रीतच आहे. आणि तो हात चाळीस वर्षं गुलाबरावांनीच मारला. ज्याचा मान करायचा त्याला आधी रंग द्यायचा, एवढं साधं गणित त्यांनी जन्मभर केलं होतं. जुना, उडालेला रंग तसाच ठेवून कोणाचा मान होतो, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

पण खरं बोलायचं तर एवढंच नव्हतं. त्यांच्या मनात दुसरंही एक होतं. हार्डबोर्ड नाकारले ना? आता पाहा म्हणावं, गुलाबरावाचा आजचा हात कसा चालतो. हा लोभ त्यांनी भिमाबाईलाही सांगितला नाही.

त्यांनी पत्रा अंगणात आडवा टाकला. पॉलिश पेपरने खरखर घासला, टर्पेंटाइनने पुसला, पार लोखंड दिसेपर्यंत. पोरगी गेली, अक्षरं गेली, कोपऱ्यातलं नाव गेलं. त्यावर प्रायमरचा हात, मग पांढरा. खडूची दोरी ताणून त्यांनी रेघा पाडल्या. पोरीचा आकार डोक्यात पक्का होता. फोटोची गरज नव्हती, निदान त्यांना तसं वाटलं. हाताखाली टेकायला काठी घेतली. तरणेपणी काठी घेणाऱ्या पेंटरला ते लंगडा म्हणून चिडवायचे. आता एक श्वास आत घ्यायचा, थरथर थांबली की रेघ ओढायची, श्वास सोडायचा, पुन्हा. पोरीची एक वेणी काढायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात आता तिची भुवईसुद्धा होईना. पाठ मोडून निघाली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तरी कित्येक महिन्यांत गुलाबराव इतके खूश नव्हते. भिमाबाई जेवायला हाक मारायची आणि ते म्हणायचे, “येऊन राह्यलो वं, एवढं चाक होऊ दे.”

काम संपलं तेव्हा भिमाबाई पदराला हात पुसत अंगणात आली. वाकून पोरीचं तोंड पाहू लागली.

“काऊन वं, कशी झाली?”

“चांगली झाली,” ती म्हणाली. “पोरगी जराशी थकल्यावानी वाटते.”

“तुले काय समजते त्यातलं!” गुलाबराव खेकसले. भिमाबाई आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात आपटली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नाजिश टेम्पो घेऊन आली. गुलाबरावांनी पत्र्यावर चादर टाकून ठेवली होती. ती त्यांनी स्वतः ओढली आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.

नाजिशचा चेहरा पांढराफटक पडला.

“काका, जुना रंग कुठे आहे?”

“काहाडला की. पार पत्र्यापावतर घासला. खालचा ठेवला असता त वरचा धरला नसता.”

“सगळा?”

“मंग अर्धवट काहाडतात काय कोनी?”

ती ओसरीच्या पायरीवर बसली. तिने कपाळाला हात लावला, मग पटकन खाली केला. तिला रडू येत होतं का राग, गुलाबरावांना समजेना. पण ती उठून पत्र्याजवळ गेली, नव्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “छान झालंय, काका.”

हा आवाज त्यांनी ऐकलेला होता. हार्डबोर्डसाठीही तो असाच मऊ लागला होता. आपल्या हातून काहीतरी मोठं बिघडलंय, एवढं त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. काय बिघडलं ते कळेना. आपण रंग दिला, घाण तर केली नाही. मोडलं असतं तर भरून दिलं असतं. नवं करून दिलं, ते कसं भरून द्यायचं?

“मंग नेतं ना आता?”

“आज टेम्पोत जागा नाही, काका. बघते मी. तुम्ही उद्या मात्र नक्की या, तुमचा सत्कार आहे.”

टेम्पो रिकामा होता. फाटकातून वळताना त्याचा मागचा फाळका धाडधाड वाजत गेला.

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. जावं की नाही यावर त्यांनी रात्र घालवली होती. भिमाबाई म्हणाली, “जा. बोलावलं हाये त जा. कोनी खात नाही तुम्हाले.” ती स्वतः आली नाही, गुडघे दुखतात म्हणाली. तिचे गुडघे आदल्या संध्याकाळपर्यंत बरे होते.

गोदामात पिवळे दिवे लावले होते. भिंतींवर बोर्डच बोर्ड होते. पिठाची गिरणी, ब्रास बँड, तेलघाणी, न्हाव्याची दुकानं. सगळे गंजलेले, पोपडे निघालेले, कोणाचा कोपरा दुमडलेला, कोणावर डांबराचे शिंतोडे. आणि लोक त्यांच्यासमोर देवळात उभे राहावेत तसे उभे होते. गुलाबरावांना तेव्हा कुठे उलगडलं. ज्याची लाज वाटून त्यांनी घासून काढलं होतं, तेच पाहायला ही माणसं आली होती. त्यांना गुलाबराव नको होते, गुलाबरावांवर चढलेला गंज हवा होता.

आणि मधोमध पोरगी होती. सायकलवर, दोन वेण्या, मान मागे वळवून हसणारी, अर्धा गाल गळालेला. गुलाबरावांना क्षणभर वाटलं, आपण घासलं ते स्वप्न होतं की काय. ते जवळ गेले, हात लावला. गुळगुळीत. नाजिशने फोनमधला फोटो मोठा करून फ्लेक्सवर छापून आणला होता. गंज छापला होता, बकऱ्यांचे डाग छापले होते. ज्या फ्लेक्सने त्यांचा धंदा खाल्ला, त्याच्यावर आता तेच टांगले होते.

तरीही ते पाहत राहिले, कारण पाहावंच लागलं. दयारामच्या ‘द’ची गाठ एका फटक्यात मारलेली होती, हात कुठेही उचललेला नव्हता. पोरीच्या ओठाचं हसू तर एका रेघेचं, बस्स. हे कोणी काढलं होतं? इतका माजोरी, इतका सहज हात कोणाचा होता? गुलाबरावांना त्या तरण्या पेंटरचा हेवा वाटला आणि संताप आला. घरी भिंतीला टेकलेली पोरगी त्यांना आठवली. भिमाबाई खरं बोलली होती. पोरगी थकली होती, आणि हे सगळ्या घरात फक्त त्यांनाच दिसलं नव्हतं.

शाल अंगावर आली, पुष्पगुच्छ हातात आला. पुण्याहून आलेले पाहुणे फार गोड बोलले, लुप्त होत चाललेला वारसा वगैरे. मग त्यांनी खिशातून काळा मार्कर काढला.

“तायडेसाहेब, या कलाकृतीवर तुमची सही हवी. फोटो काढू या.”

गुलाबरावांनी मार्कर घेतला. समोर चार फोन उभे राहिले. त्यांनी श्वास आत घेतला, थरथर थांबायची वाट पाहिली. ती थांबेना. इथे टेकायला काठी नव्हती, फ्लेक्सही दबून मागे जात होता. ‘गु’चा उकार घसरून पोरीच्या चाकापर्यंत गेला. त्यांनी पुन्हा टेकवला, ‘ला’चा काना वाकला. मागे कोणीतरी च्‌च्‌ केलं. नाजिश पुढे आली, हळूच त्यांच्या मनगटाला धरलं आणि मार्कर काढून घेतला.

“राहू द्या, काका,” ती म्हणाली. “खाली तुमचं नाव छापलेलं आहेच.”

फोटोवाल्याने फोन तिरका करून पाहिला. त्या काळ्या वेड्यावाकड्या रेघा फोटोत येत होत्या.

“बाबा, जरा डावीकडं सरकता का? ते झाकून जाईल.”

गुलाबराव सरकले.