बापाच्या हातची हजामत

कारंजा घाडग्याच्या बसस्टँडवरून हायवेकडे निघालं, की उजव्या हाताला गजेंद्रचं पाईप-मोटारचं दुकान लागतं. दुकान काढलं बापानं, म्हणजे प्रभाकररावांनी, वाढवलं गजेंद्रनं. कुठल्या विहिरीला कुठली मोटार चालेल हे त्याला झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगेल. माणूस बोलका, मनाचा मोकळा. दुःख म्हणाल तर एकच, केसांचं.

तिशी सरायच्या आत समोरचं मैदान साफ झालं, मग टाळू गेली. उरली ती कानावरून मागं फिरलेली एक झालर. त्या झालरीतली डावीकडची लट त्यानं हौसेनं वाढवली होती, आणि रोज सकाळी तेल लावून ती उजवीकडे आणून चिकटवायचा. आता हायवेचं दुकान ते! एखादा ट्रक जोरात गेला की लट उठून उभी राहायची, आणि गिऱ्हाईक पाईपाचा भाव विसरून तिच्याकडंच पाहत बसायचं.

"काढून टाका ना वो सगळेच," ज्योत्स्ना, त्याची बायको, दर दोन दिवसांनी म्हणायची. "चांगले दिसान. आता हे जे काही हाय, ते मले तं पाहावत नाई बाप्पा."

पटायचं त्यालाही. पण काढायची सोय नव्हती. आमच्याकडे बाप गेला की मुलगा केस देतो. मिशी जाते, डोकं तासतात, मागं बोटभर शेंडी तेवढी राहते. पोराचं डोकं असं दिसलं की गाव काही विचारत नाही, समजून घेतं. बाप जिवंत असताना शहाणा माणूस डोक्याला वस्तरा लावत नाही. टकल्यानंही लावू नये, असा काही कायदा नाही, पण लावत नाहीत.

त्या हिवाळ्यात प्रभाकररावांच्या छातीत पाणी झालं. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुरुवातीला काही भरवसा दिला नाही. गजेंद्र व्हरांड्यात सतरंजीवर झोपला, आणि ज्या देवांची नावं त्याला नीट ठाऊक नव्हती त्यांनाही हात जोडून झाले. आणि म्हातारा उठला हो! खांद्यावर शाल टाकून, हळूहळू का होईना, आपल्या पायांनी गाडीत बसला. गजेंद्र इतका हरखला, की डॉक्टर, नर्सबाई, लिफ्टवाला, दारावरचा चौकीदार, जो दिसेल त्याचे त्यानं आभार मानले. चौकीदाराला तर कळलंच नाही की आपण केलं काय.

आनंदात माणूस चुकतो तो असा. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्याच्या मनानं घेतलं, आता बाप वाचला, आता अपशकुन कसला नि काय! अंघोळीची वाट न पाहता, आरशासमोर उभं राहून, कोरड्याच डोक्यावर जरासा साबण चोळून, दाढीचा जुना रेझर त्यानं खालून वर असा दाबून ओढला. जिथं केस राहिला असं वाटलं तिथं पुन्हा ओढला, मग तिसऱ्यांदा. मागची बाजू दिसत नव्हती, ती अंदाजानं. वरून आफ्टरशेव्ह थापलं, तेव्हा मोरीतून जी बोंब उठली ती शेजारच्यांनीही ऐकली.

अर्ध्या तासात डोकं लालभडक झालं. कानामागं बारीक पुळ्या उठल्या, मानेवर दोन ठिकाणी रक्त. आणि गंमत अशी, की आरशात न दिसणाऱ्या जागी, अगदी मागं मधोमध, केसांचा एक पुंजका तसाच राहून गेला. बोटभर. ज्योत्स्नानं तो पाहिला आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"अवो, हे काय करून ठेवलं तुमी! बाबाच्या समोर नोका जाऊ!"

पण तो गेलाच. प्रभाकरराव ओसरीवर उन्हात बसले होते. त्यांनी मान वर केली. पोराच्या डोक्याकडं पाहिलं, तो वळला तसा मागचा शेंडीसारखा पुंजकाही पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे माह्यासाठी ठेवाचे होते," ते एवढंच म्हणाले. "मी गेल्यावर मले काय देशीन आता?"

आणि उठून आत गेले. त्या दिवशी त्यांनी ताट आतल्या खोलीत मागवलं. दुसऱ्या दिवशीही. गजेंद्र औषध द्यायला गेला की गोळी घ्यायचे, पाणी प्यायचे, पण बोलणं नाही. गजेंद्रनं सुरुवातीला मनात म्हटलं, म्हाताऱ्याचे जुने विचार, होतील दोन दिवसांत ठीक. पण बापाचं ते वाक्य काही मनातून हलेना. पाईप मोजता मोजता ते आठवायचं आणि मोजणी चुकायची. मरणाच्या दारातून परत आणलेला बाप आपल्याशी बोलत नाही, आणि केस काही आता चिकटवता येत नाहीत! डोक्याची आग होती ती वेगळीच. टोपी घातली की टोचायची, काढली की सगळ्यांना दिसायचं.

दुकानात निराळंच चाललं होतं. शेजारच्या चपलांच्या दुकानाचा भूपेंद्रनं सोमवारी सकाळी त्याला पाहून आपलं शटर अर्धं खाली ओढलं. म्हातारा दवाखान्यात होता हे त्याला ठाऊक, घरी आला हे नव्हतं. आता पोराचं डोकं पाहिलं, मिशी तर गजेंद्र आधीपासूनच ठेवत नव्हता. अशा वेळी विचारायचं काय? गजेंद्रला वाटलं, माल मोजून राहिला असेल. गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलायला लागली. भाव कोणी पाडून मागेना. त्याचंही त्याला नवल वाटलं, पण बरंच वाटलं.

भूपेंद्रनं गुपचूप एक काम केलं. प्रभाकररावांचे जुने मित्र रूपराव, पूर्वी कारंज्याजवळच शेती करायचे, आता जामच्या चौरस्त्यावर मुलाच्या हॉटेलात बसतात, त्यांना फोन लावून टाकला.

दोन एसट्या बदलून रूपराव दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. गजेंद्र नुकताच जेवायला आला होता. फाटकातच त्यांनी त्याचं डोकं पाहिलं आणि गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"गजू, तुहा बाप नाई रे गेला, माहा भाऊ गेला!"

"काका, आयका तं..."

"काय आयकू? अबे, तुले काय मालूम तो काय माणूस होता! भर बारावर, संत्री हरभऱ्याएवढी धरली होती, अन् माही मोटार जळली. तवा दुकानात एक मोटार नवती. तुह्या बापानं सोताच्या विहिरीवरची मोटार काढली अन् बैलगाडीत टाकून माह्या विहिरीवर आणली. त्याचा बार गळला सारा. मी म्हनलं, भाऊ, काऊन असं करतं? तं म्हने, माह्या घरात दुकान हाय, तुह्या घरात काय हाय? कोणाले सांगजो नोको म्हने. म्या आजवर नाई सांगतलं. आज सांगतो!"

घरच्या संत्र्याचा तो बार, म्हणजे बहार, गेला ते वर्ष गजेंद्रला आठवत होतं. दिवाळीला कपडे नव्हते, आणि आई बापाला बोलून बोलून थकली होती. कशानं गेला ते मात्र बापानं कधी सांगितलं नाही. रूपराव रडत होते, आणि आता गजेंद्रच्याही डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरला आणि शाल सावरत प्रभाकरराव ओसरीवर आले.

"रूपराव, च्या घेतं का?"

रूपराव मटकन पायरीवर बसले. मग त्यांच्या तोंडातून जे शब्द फुटले ते इथं लिहिता येणार नाहीत. नंतर दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून असे हसले, की प्रभाकररावांना खोकल्याची उबळ आली आणि ज्योत्स्ना पाणी घेऊन धावली.

"लय चांगलं बोलला बे तू," प्रभाकरराव दम घेत म्हणाले. "मेल्यावर हे काही आयकू नसतं आलं मले."

"मंग या पोट्ट्यानं हे डोकं काऊन केलं?"

गजेंद्रनं मान खाली घातली. प्रभाकररावांनी त्या लाल, पुळ्या उठलेल्या डोक्याकडं पाहिलं.

"टक्कल पडलं त्याले. लपवून लपवून थकला बिचारा," ते म्हणाले. मग त्या रविवारनंतर पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले. "पुळ्या बसल्याबिगर ब्लेड लावजो नोको. कोरफडीचा गर लाव. अन् इतवारी माह्याजोळ ये."

रविवारी पुळ्या बसल्या होत्या, वरचे खुंट पुन्हा टोचायला लागले होते. प्रभाकररावांनी त्याला आधी ऊन पाण्यानं अंघोळ करायला लावली. मग ओसरीवर पाट मांडला, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्याच्या डोक्यावर गुंडाळला आणि स्वतः मागं खुर्चीवर बसले. जन्मभर रोज सकाळी स्वतःची दाढी केलेला तो माणूस, कधी एक ओरखडा नाही. पण आजारपणापासून हात कापत होता. ज्योत्स्ना कापूस हातात घेऊन दारातच उभी होती.

ब्रशनं त्यांनी साबणाचा दाट फेस केला, डोकंभर लावला आणि लगेच काही रेझर उचलला नाही.

"भिजू दे. घाई कायची हाय?"

मग नवं ब्लेड. डाव्या हाताच्या अंगठ्यानं कातडी जराशी ताणली, आणि उजवा हात डोक्यावर टेकला. टेकला तसा तो कापायचा थांबला. गजेंद्रला ते कळलं.

"केस ज्या आंगाले पडते, त्याच आंगाले फिरवाचं," बाप सांगत होता. "तू उलटा ओढला, म्हणून सोललं. अन् जोर कायले लावतं? पाईप कापून राह्यला का?"

एक ओढ झाली की फेस पेपरच्या तुकड्यावर पुसायचा आणि रेझर पाण्यात बुडवायचा. जिथं राहिलं तिथं आधी पुन्हा फेस, मगच ब्लेड. कानामागं कान बोटानं दुमडून, श्वास रोखून. कुठं आग नाही, काही नाही. लहानपणी ताप आला की हाच हात डोक्यावर असायचा. मोठं झाल्यावर बाप कुठं पोराच्या डोक्याला हात लावतो? गजेंद्र डोळे मिटून बसला होता. त्याला एवढंच वाटत होतं, की हा हात सावंगीहून घरी आला, देवा, तुझे उपकार कसे फेडू. शेवटी तो मागचा पुंजकाही बापानं अलगद काढला, गार पाणी ओतलं, न घासता टिपून घेतलं आणि तळव्यावर दोन थेंब खोबऱ्याचं तेल घेऊन लावलं.

"बाबा," गजेंद्र पाठमोराच म्हणाला, "माह्याजवळ आता तुमाले द्याले काही राह्यलं नाई."

प्रभाकररावांनी पेपरचा तो तुकडा उचलला. फेसात बारीक काळे खुंट होते, आणि तो पुंजका. त्यांनी तो नीट घडी घालून शालीच्या आत, मुठीत धरला.

"भेटले मले," ते म्हणाले. "जिता असून, माह्या हातानं घेतले. उद्या मी गेलो अन् तुह्या डोक्यावर एक केस नसला, तं वाईट नोको वाटून घेऊ. तू मोकळा हाय."

गजेंद्र पाटावरून वळला आणि त्यानं बापाचे पाय धरले. त्याला रडू आवरेना. प्रभाकररावांनी त्या गुळगुळीत डोक्यावरून एकदा हात फिरवला, कुठं काही राहून गेलं का ते पाहिलं.

"रडतं कायले बे?" ते म्हणाले. "येत्या इतवारी बसजो इथंच. बाकीच्या बापाईले एकडाव भेटते. मी दर इतवारी घेईन."