अक्काची फाईल मी लावली होती

आज पुतणीसोबत वकिलाकडे गेलो आणि बाहेरच्या बाकावरच बसून राहिलो. "काका, आत चला ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुझं तूच बोल. मी एकदा दुसऱ्याच्या वतीने बोलून चुकलोय."

एक्याण्णव साली मोठ्या बहिणीला, अक्काला, घेऊन मी असाच धुळ्याला वकिलाकडे गेलो होतो. लग्नपत्रिका, पत्रं, सगळं फाईलला लावलेलं. एसटीत तिला बजावलं, "तू गप्प बस, मी बोलतो." सासरच्यांनी तिला परत नांदवावं, हे मी अर्धा तास सांगत होतो.

वकिलांनी चष्मा काढून तिलाच विचारलं, "ताई, तुम्हाला काय हवंय?"

"माले तठे जावानं नही शे."

तिकडे जायचंच नव्हतं तिला. घरात आम्ही पाच जण, विचारलं कुणीच नव्हतं.

तुमच्याकडे विचारतात का घरी, की त्यासाठीही वकीलच लागतो?