बंद चुलीचा तपास

ती वांग्यांची वाडी आणि तिथली थंड चूल इतकी वर्षं झाली तरी डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या घरात ही हकीकत मी इतक्यांदा सांगितली आहे की, मी घसा खाकरला की बायको म्हणते, "चुलीची ना? सांगा, मी तोवर भाजी निवडते." तिच्या मते माझ्या सगळ्या नोकरीत ऐकण्यासारखा तपास हा एकच, आणि तोही मी लावलेला नाही. दुर्दैवाने तिचं म्हणणं खरं आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी साताऱ्याकडचा, नवा फौजदार. बदली झाली ती थेट बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या अंगाला असलेल्या एका लहानशा ठाण्यावर. ठाण्याला जीप नव्हती. एक सरकारी सायकल होती आणि तिला ब्रेक नव्हता. मी समोरून येताना दिसलो की लोक झटकन बाजूला होत. तो माझ्या वर्दीचा दरारा, असं मी बरेच महिने समजत होतो. आमचे हवालदार वयाने मोठे, त्याच मातीतले. सकाळची हजेरी झाली की ते मला वऱ्हाडी शिकवत आणि मी त्यांना शिस्त. दोघांचीही प्रगती बेताचीच होती.

एका सकाळी हजेरी संपता संपता भाजीचा एक व्यापारी आला. आठवडी बाजारासाठी तो आजूबाजूच्या वाड्यांतून वांगी, मिरच्या उचलायचा. बस म्हटलं तरी बसेना. सांगू लागला की, अमुक गावातला एक माळी बरेच दिवस कुठे दिसत नाही. मोट बंद आहे, वांगी झाडावर पिवळी पडताहेत, आणि बायकोला विचारलं तर ती तोंड फिरवते. मग दाराकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला.

"साहेब, त्या घरची चूल पेटत नाही. आळीतल्या बाया भाकरी नेऊन राह्यल्या. मयत झाल्यावानी."

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, हे काय सांगायला हवं. शेजारपाजार भाकरी-पिठलं घेऊन जातो आणि घरच्यांनी दोन घास खाईपर्यंत समोर बसून राहतो. पण या गावातून मयताची खबर नव्हती, तिरडी उठलेली कुणी पाहिली नव्हती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणूस मेला आहे, गावाला ठाऊक आहे आणि गाव लपवतं आहे. हवालदार म्हणाले, "साहेब, जरा दमानं घ्या." मी सायकल काढली आणि त्यांना मागे बसवलं.

घर माळी आळीच्या टोकाला, मागे वाडी आणि विहीर. दारात ती बाई उभी होती. चुलीत राख थंड, ओट्यावर फडक्याखाली कुणीतरी आणून ठेवलेल्या भाकरी, आणि बाईच्या कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू, हातात काकणं. मयताची भाकर खायची आणि कुंकू लावून फिरायचं, काय निर्ढावलेली बाई, असं माझ्या मनात आलं. नवरा कुठे आहे म्हणून विचारलं. "गावाले गेले," एवढंच म्हणाली. कोणत्या गावाला, हे तिला सांगता येईना. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. डोळे सारखे शेजारच्या घराकडे जात होते. ते मी पाहिलं आणि त्याचा चुकीचा अर्थ लावला.

मग चावडीवर एकेकाला बोलावून जबाब घेतले. पाटील म्हणाले, तो दुसरबीडला बहिणीकडे गेला आहे. शेजारी म्हणाला, मेहकरला बैल बघायला. तिसऱ्याने त्याला जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात धाडलं. पुढे नोकरीत मला एक गोष्ट कळली. मुरलेली माणसं खोटं बोलण्याआधी एकमेकांना विचारून येतात. साधी माणसं आपापलं खोटं आपापल्या घरून घेऊन येतात. तेव्हा हे कळलं असतं तर तिथेच थांबलो असतो.

शेवटी शेजारची मावशी आली. अख्खी आळी तिला मावशीच म्हणायची. भाकरींची पाळी तिनेच लावून दिली होती. सोमवार या घराचा, मंगळवार त्या घराचा, असे वार ठरवून. मी तिला दरडावून विचारलं, भाकरी कशासाठी नेता? तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि उलट विचारलं की, माझं लग्न झालंय का, जेवण कोण करतं आणि ते अंगी का लागत नाही. दोन-तीन उत्तरं देऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की जबाब मीच देतोय. हवालदार चावडीच्या खांबाकडे तोंड करून खोकत होते.

संतापून मी वाडीत गेलो, आणि तिथे विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या रचलेल्या दिसल्या. पाण्याविना वांगी सुकताहेत आणि विहीर काट्या टाकून बंद! आता शंकेला जागाच नव्हती. मी हुकूम सोडले. काट्या उपसा, पंच बोलवा, विहिरीत गळ टाका, आणि बाईला ठाण्यावर घ्या.

आळी गोळा झाली, पण काट्यांना कुणी हात लावेना. बाई रडलीसुद्धा नाही. मावशीच्या घराकडे एकदा पाहून ती हवालदारांच्या पुढे चालू लागली. तेवढ्यात मावशीच्या दारात एक माणूस आला. अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली, उजेडाने डोळे बारीक झालेले.

"मी हाव साहेब," तो म्हणाला. "तिले नका नेऊ."

मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघतील. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. सगळी आळी त्याच्याकडे बघत होती, आणि त्याची बायको जिथे होती तिथेच मटकन खाली बसून आता मात्र रडू लागली. हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले की, लोक म्हणताहेत, कितीतरी दिवसांनी तो आज बोलला.

मग मावशीने सगळं सांगितलं. तो माणूस हळूहळू मिटत गेला होता. कशाने, ते विचारू नका. त्यालाही कधी सांगता आलं नाही. आधी बोलणं गेलं, मग खाणं, मग झोप. एक दिवस त्याने विहीर जवळ केली. मोटेवर माणसं होती म्हणून वर काढला. तेव्हापासून विहिरीवर काट्या पडल्या आणि बायको त्याला नजरेआड होऊ देईना, म्हणून चूल बंद. आळीतला एकेक गडी पाळीने त्याच्याजवळ बसायचा. आमची सायकल दिसली तसं त्याला मागच्या दाराने मावशीकडे नेलं होतं. कारण जीव द्यायला निघालेला माणूस वाचला तर त्या काळी तो कायद्याने गुन्हेगार ठरायचा. गावाला भीती होती ती माझी.

"पण मयतासारखी भाकर कशाला?" मी विचारलं.

"घरात मयत झाली का भाकर मागा लागत नाही, साहेब. आपसूक येते," मावशी म्हणाली. "हे घर मागणारं नाही. म्हनून म्या म्हटलं, मयत झाल्यावर नेतोच ना? मंग ती होऊ नाही म्हनून आधीच नेऊ."

बाईने आधी अपशकुन म्हणून ती भाकर परत धाडली होती. तेव्हा मावशीने तिला बजावलं, तू कुंकू मोठं लाव आणि भाकर खा.

आता पंच आलेले, हवालदार टाक घेऊन तयार, आणि गुन्हा माझ्यासमोर घोंगडी पांघरून उभा. कायद्याने काय करायला हवं, ते मला पाठ होतं. मी विचारलं, "हा विहिरीत पडला कसा?"

"पाय घसरला," मावशी म्हणाली.

"पाय घसरला," पाटील म्हणाले. शेजारी, तिसरा, मोटेवरचे गडी, सगळे तेच म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा गावाचं एकमत झालं होतं. हवालदारांनी माझ्याकडे न बघताच लिहिलं की, इसम हयात आहे, अपघाताने पाय घसरला होता, तक्रारीत तथ्य नाही. मी सही केली. त्या सहीचा मला आजही पस्तावा नाही.

निघताना मावशीने वाट अडवली. माझ्या लेखी काम संपलं होतं, तिच्या लेखी नव्हतं. "साहेब, ह्या गुरवारी माही माणसं लग्नाले चालली. तुमी येऊन बसा त्याच्यापाशी. भाकर आमची."

मी म्हटलं, मी बसून काय करू? मला बोलता येत नाही.

"त्याले तरी कुठं येते?"

गेलो. मग दर गुरुवारीच जाऊ लागलो, हद्दीतली गस्त म्हणून. नोकरीत शेकडो माणसं मी ठाण्यात बसवून ठेवली. कुणाजवळ जाऊन बसायची माझी ती पहिलीच वेळ. सुरुवातीला फार अवघड गेलं. मी पावसापाण्याचं बोलायचो, तो जमिनीकडे बघायचा. पुढे काट्या निघाल्या, मोट सुरू झाली, त्या घरातून धूर दिसू लागला. आळीचे वार तरी थांबले नाहीत. तो वांगी निवडत बसायचा, मीही दोन हात लावायचो.

त्या प्रकरणानंतर एखाद्या घराबद्दल कुजबूज कानावर आली की मी आधी गुन्हा शोधला नाही. तिथे कोण जातं-येतं, जेवण कोण नेतं, ते विचारलं. कुणीच जात नाही असं उत्तर आलं, तर ते घर मला खुनाच्या प्रकरणाहून जास्त धोक्याचं वाटायचं. मग हवालदारांना धाडून आळीतली एखादी मावशी शोधायची. मावशी प्रत्येक गावात असते. तिला फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

असाच एका गुरुवारी मी टोपलीशी बसलो होतो. त्याने बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. मग माझ्यासमोरचा ढीग स्वतःकडे ओढून घेतला.

"सरा बाजूले, साहेब," तो म्हणाला. "किडके सारे चांगल्यात टाकून राह्यले तुमी. चोर कसे पकडता, देव जाने."

आत त्याची बायको भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला, आणि मग ती मोठ्याने हसली.