साडूंचं दळण

आमच्या साडूंइतका महाराष्ट्र हिंडलेला माणूस नाहूर ते मुलुंड या पट्ट्यात दुसरा नसेल, आणि त्यांनी आजवर एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलेलं नाही. महाबळेश्वरच्या फाट्यावरून ते अनेकदा गेले असतील, वर कधी चढले नाहीत. 'तिथे आपल्याला आपलेच शेजारी भेटणार,' असं त्यांचं म्हणणं. मी निघण्याआधी हॉटेलचे तारे, लोकांचे अभिप्राय आणि स्टँडपासूनचं अंतर तपासणारा माणूस. चार पूर्णांक दोनच्या खाली मी सहसा उतरत नाही. साडू मात्र एसटीच्या पाटीवर कधी न ऐकलेलं नाव दिसलं, की बायकोला घेऊन त्या गाडीत बसतात. तिथे बघण्यासारखं काय आहे असं विचारलं, तर उत्साहाने सांगतात, 'काहीच नाही.'

गावात पोचल्यावर ते देवळात जात नाहीत की सरपंचाकडे जात नाहीत. ते पिठाची गिरणी शोधतात. त्यासाठी घरून निघतानाच पिशवीत थोडे गहू घेतलेले असतात. चहाच्या टपरीवर माणूस पाहुणा असतो, पण गिरणीत नंबर लावून उभा राहिला की तो गावातला होतो, हा त्यांचा सिद्धांत. नंबर येईपर्यंत बोलण्यावाचून तिथे दुसरं काही करताही येत नाही. या पिशवीच्या जोरावर ते अनोळखी बारशांना जेवले आहेत, एका म्हशीच्या बाळंतपणाला हजर राहिले आहेत, आणि दोन भावांमधला बांधाचा वाद त्यांनी मिटवला आहे. वाद अजून चालू आहे, पण दोघेही भाऊ साडूंना दिवाळीला आठवणीने फोन करतात. तोटा एवढाच, की आधीच्या दळणाचं थोडं पीठ गिरणीत उरतंच, त्यामुळे त्यांच्या घरची पोळी कधी बाजरीची लागते, कधी हरभऱ्याची. माझी बायको पहिल्याच घासाला म्हणते, 'ताई, या वेळी नगरकडे गेला होतात ना?'

ही ताई, म्हणजे साडूंची बायको आणि माझी मोठी मेहुणी, गेल्या वर्षी मात्र वैतागली. 'ही शेवटची खेप,' तिने आमच्यासमोर सांगून टाकलं. 'या वेळी नीट झालं तर ठीक. नाहीतर पुढे मी टूरवाल्यांबरोबर जाणार. तिथे खोलीत गिझर असतो, कुणाच्या गोठ्यात उभं राहून तोंड धुवावं लागत नाही. तुम्ही हिंडा एकटे.' साडू हसले, पण चेहरा उतरला. एकटं हिंडणं त्यांना जमणारच नाही. गमतीचं काही दिसलं की ते आधी ताईकडे बघतात, आणि ती हसली तरच त्यांना ते गमतीचं वाटतं. धीराला म्हणून त्यांनी आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं.

जुन्नरच्या पुढच्या एका गावात उतरलो तो महाशिवरात्रीचा आदला दिवस. गिरणीच्या दारात डब्यांची रांग होती, बायका समोरच्या पारावर बोलत बसल्या होत्या आणि गिरणीवाला चहाला गेला होता. 'बघ, कसं मोकळं आहे,' ताईला खूश करायच्या घाईत साडू रांग विसरून म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबून गहू ओतले.

पारावरून एक म्हातारी धावत आली. 'आवं पाव्हणं, काय घातलं त्यात?'

'गहू.'

'बायांनो, ह्यानं गहू घातला गं.'

गिरणीवाल्याने सकाळभर खपून दगड खोलून, झाडून-पुसून गिरणी फक्त उपवासाच्या भाजणीसाठी तयार केली होती. तो चहा टाकून धावत आला, पण पुन्हा झाडायला घेणार तोच गिरणीची थ्री फेज वीज गेली. ती आता दुसऱ्या दिवशीच येणार होती.

'मुंबईचं का?' म्हातारीने विचारलं.

'नाहूर,' साडू म्हणाले.

'म्हंजी मुंबईच. आन् उद्या आमी काय खायाचं? तुमचं गहू?'

म्हशीशीही बोलणारे साडू रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. ते ताईकडे बघत राहिले. ताईने त्यांच्याकडे बघितलं नाही. पर्स माझ्या हातात दिली आणि म्हातारीला विचारलं, 'आजी, कुणाकडे जातं आहे?'

दोन घरांतून दोन जाती निघाली. एकावर ताई बसली, समोर माझी बायको. ताई लहानपणी कोकणात आजोळी दळलेली, हात लगेच बसला. बायका ओव्या म्हणू लागल्या, तेव्हा तिने मालवणीतली एक घातली, आणि अर्थ न कळूनही सगळ्या हसल्या. आम्हा पुरुषांना चाळायला बसवलं होतं. 'त्या पाव्हण्याला जात्याजवळ येऊ दिऊ नका,' म्हातारी बजावत होती, 'परत काय तरी घालील.' बायका विचारत होत्या ते ताईला, माहेर कुठलं, मुलं किती, गुडघ्याला काय लावता. साडूंचं नावही कुणी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत ताई फोड आलेला तळहात चोळत होती. साडू हळूच म्हणाले, 'टूरवाल्यांचं मी बघतो. चांगलीशी बस बघतो.'

'बघा,' ताई म्हणाली. 'पण शिमग्याला आजींनी बोलावलंय. मी हो म्हटलंय. तुम्हाला यायचं तर या.'

साडूंनी लगेच मान डोलावली. इतकी वर्षं ते तिला नेत आले होते, त्यांना कुणी नेण्याची ही पहिलीच वेळ. आम्हा दोघांना मात्र ताई 'या' म्हणाली नाही. मी आमचं मुलुंड येईपर्यंत वाट पाहिली.